पालशेतवरून जाईन, पण थांबणार नाही

गेंट (बेल्जियम), १४ नोव्हेंबर

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर माझं म्हणणं कधी पुरं होत नाही. पत्रात आईला मधे बोलता येणार नाही, म्हणून हे पत्र.

डिसेंबरात येतेय हे नक्की. मुंबईत उतरले की भाऊच्या धक्क्यावरून बोटीने रेवस, आणि तिथून सागरी महामार्गाने सायकलवर थेट सिंधुदुर्गाच्या टोकाला रेडी गावापर्यंत. पाचशेच्या वर किलोमीटर आहेत. मधे पालशेत लागतं, आपल्या फाटकासमोरूनच रस्ता जातो, आणि मी थांबणार नाही. रेडीहून एसटीने परत येईन, मग पंधरा दिवस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही. आई, एवढं ऐकूनच तू फोन ठेवलास. आता कारण ऐक.

पुढच्या जुलैतल्या ट्रान्सकॉन्टिनेंटल या सायकल शर्यतीसाठी अर्ज केलाय. ही शर्यत २०१३ साली पहिल्यांदा झाली, लंडन ते इस्तंबूल. पुढे टोकं बदलत गेली, पण अंतर साधारण ४,००० किलोमीटरच्या आसपास. ठरलेल्या काही ठिकाणी जाऊन कार्डावर शिक्का घ्यायचा, मधली वाट ज्याची त्याने शोधायची. घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही, मग तुम्ही झोपा, जेवा नाहीतर पंक्चर काढत बसा. मागे गाडी नाही. दुसऱ्याच्या सायकलीमागे राहून वारा चुकवायचा नाही. आणि जे कुणालाही विकत मिळेल तेच घ्यायचं. ओळखीच्या घरी जेवण नाही, मुक्काम नाही, कारण बाकीच्यांचं तिथे घर नसतं.

कोकणात माझ्याबरोबर शर्यतीत कोण असणार आहे, असं तू म्हणशील. कुणीच नाही. पण नियम पाळायला जमतो का हे बघायचं, तर तो जिथे मोडावासा वाटेल तिथेच बघायला हवं. आणि पालशेतला रात्री नऊच्या सुमाराला तुझ्या हातची सोलकढी डावलून पुढे जाणं हे आल्प्स चढण्याहून सोपं नाही. (अंगणात टेबल मांडून ‘जेवण मिळेल’ अशी पाटी लावायचं तुझ्या मनात आलं असेलच. ते नियमात बसतं का, याचा मी खरोखर दोन दिवस विचार केला. बसत नाही.)

बाबा, आता तुमच्याशी. सुटायच्या आधी कुणालाही काहीही विचारता येतं, नंतर नाही. म्हणून आत्ताच विचारून घेते.

संगणकावर रेघ ओढली की किनारा सरळ दिसतो. पण तुम्ही तीस वर्षं एसटी हाकलीत, तुम्हाला माहीत आहे की समुद्रकाठचा रस्ता सपाट असतो ही मुंबईकरांची समजूत आहे. खाडीला उतरायचं, कातळाचा सडा चढायचा, पुन्हा खाडी. एकेक चढ मोठा नाही, पण मोजायला घेतले तर संपत नाहीत. म्हणून मागे ३४ दात्यांचं मोठं चक्र घातलंय, म्हणजे चढावर पाय हलके पडतात. दुकानदार हसला, हसू दे.

खरी अडचण तरींची, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटींची. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. दाभोळची शेवटची फेरी चुकली तर रात्रभर धक्क्यावर बसायचं, नाहीतर दापोली-खेड-चिपळूण असा शंभराच्या वर किलोमीटरांचा वळसा. म्हणजे मी किती वेगाने जाते यापेक्षा कुठल्या धक्क्यावर किती वाजता पोचते यालाच महत्त्व. चारही ठिकाणच्या पहिल्या आणि शेवटच्या फेरीच्या वेळा डिसेंबरात काय असतात, ते विचारून कळवा. आणि जयगडहून मालगुंडला जाताना रस्ता आता कसा आहे? उपग्रहाच्या चित्रात डांबर दिसतं, खड्डा दिसत नाही.

सामानाबद्दल दादाने विचारलं होतं. तुमच्या जुन्या सायकलला टायरला घासणारा डायनॅमो होता, आठवतो? आपल्या घाटीत आला की दिवा मिणमिणायचा आणि तुम्ही उतरून ढकलायचात. माझा डायनॅमो पुढच्या चाकाच्या आसातच बसवलाय, घासत नाही, पण स्वभाव तोच. सगळी मिळून तीनेक वॉट वीज. उतारावर दिवा झकास, चढावर चालण्याच्या वेगाने गेलं तर मोबाइल चार्जच होत नाही. म्हणून २०,००० एमएएचची पॉवर बँक बरोबर आहे. कोकणात ती कितपत पुरते, ते या फेरीत कळेलच.

दुसरी महत्त्वाची वस्तू एवढीशी आहे, हँगर. मागचा गिअर ज्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर टांगलेला असतो तो. मुद्दाम कच्चा करतात, म्हणजे पडल्यावर तो वाकतो आणि फ्रेम वाचते. प्रत्येक फ्रेमचा वेगळा, कुठल्याही गावात मिळणार नाही. एक जास्तीचा चिकटपट्टीने सीटच्या नळीला बांधून टाकलाय. बाकी कपडे एकच जोडी जास्त, पाऊसकोट, पातळ झोपायची पिशवी. सायकल धरून सगळं १७ किलो. वजनकाट्यावर ठेवल्यापासून रोज एकेक वस्तू काढते आणि रात्री परत ठेवते.

सप्टेंबरात आर्देनच्या डोंगरात रात्रभर पावसात सापडले. मोबाइलच्या चार्जिंगच्या भोकात पाणी शिरलं, नकाशाही गेला. रात्री दोनला बस थांब्यावर बसून होते, पुढचं गाव कुठलं तेही ठाऊक नाही. त्यानंतर तुमच्या एसटीसारखे टप्पे कागदावर लिहायला लागले: गावाचं नाव, अंतर, तिथे काय मिळेल. कागद प्लॅस्टिकमध्ये घालून हँडलजवळ. जर्मनीतून जायचं असेल तर रविवारी दुकानं बंद, म्हणून पेट्रोलपंपांवर खूण. कोकणच्या कागदावर तर रात्री आठनंतरचा रकाना रिकामाच आहे.

आई, तुझा दुसरा प्रश्न, झोपणार कुठे. बस थांब्यावर. बाबा वस्तीची गाडी घेऊन गेले की गाडीतच झोपायचे, तेव्हा तू काही बोलायची नाहीस. ‘तू मुलगी आहेस’ हे कोल्बिंगर नावाच्या जर्मन मुलीलाही कुणीतरी म्हटलंच असेल. २०१९ साली याच शर्यतीत बल्गेरियातल्या बुर्गासहून फ्रान्समधल्या ब्रेस्टला ती सगळ्यांच्या आधी पोचली, पुरुषांच्याही. दहा दिवस आणि पावणेतीन तासांत. मी त्यातली नव्हे, मला पंधरा दिवस तरी लागतील.

आणि एक गोष्ट दादा शोधून वाचून दाखवण्याआधी मीच सांगते. ही शर्यत सुरू करणारा माइक हॉल २०१७ साली ऑस्ट्रेलियात अशाच दुसऱ्या शर्यतीत गाडीच्या धडकेने गेला. म्हणून माझे मागचे दिवे दोन आहेत, अंगावर चमकणारं जाकीट आहे, आणि गोवा हायवेला मी पाय लावणार नाही. तरीही भीती वाटायची ती वाटणारच. सायकलवर ट्रॅकर असेल, दादाच्या मोबाइलवर माझा ठिपका दिसेल. ठिपका थांबला म्हणजे लगेच काही झालं असं नाही, बहुतेक वेळा मी खात असेन.

दाभोळची फेरी वेळेवर मिळाली तर आपल्या फाटकासमोर रात्री नऊ-साडेनऊला असेन. तुम्ही पडवीत बसा, मी घंटी वाजवीन. फक्त मोत्याला त्या रात्री बांधून ठेवा. तो ओळखून रस्त्यावर आला, तर मला उतरावंच लागेल.

तुमची,
ताई