आवाहन : शुभार्थी कायदा साहाय्य निधी

सप्रेम नमस्कार.

शुभार्थींना, म्हणजे मानसिक आजार असलेल्यांना, आणि त्यांची काळजी घेणाऱ्या शुभंकरांना कायद्याची मदत करणाऱ्या आपल्या केंद्राला निधी हवा आहे आणि तो या महिनाअखेरीच्या आत हवा आहे, हे आधीच सांगून टाकतो. पत्र शेवटपर्यंत कितीजण वाचतात, याचा अनुभव आहे.

पण ज्यांच्या जिवावर इथवर आलो, त्यांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. परळच्या चाळीतली आपली खोली गिरणीतून निवृत्त झालेल्या नानांची. भाड्याचा विषय निघाला की ते म्हणायचे, "माझ्या धाकट्याला तुम्ही बाहेर काढलंत, भाडं कसलं घेऊ?" नाना गेले, तरी वहिनींनी तो शब्द पाळला. दादरच्या आपल्या वकीलबाई कोर्ट सुटलं की काळा कोट पिशवीत कोंबून थेट इथे यायच्या. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला, तेव्हा त्याची कलमं त्यांनीच साध्या मराठीत एका वहीत उतरवली. त्याच वहीच्या झेरॉक्स आजही शुभंकरांच्या हाती देतो. शेजारच्या गणेशोत्सव मंडळाने एका वर्षी रोषणाईला कात्री लावून आपल्याला संगणक दिला. ही माणसं विसरणं शक्य नाही.

काम काय चालतं, हे आपल्याला ठाऊकच आहे. तरी एक प्रकरण सांगतो. मानसिक उपचारांच्या एका खाजगी संस्थेत पन्नाशीचे एक गृहस्थ याच कायद्याच्या कलम 89 खाली दाखल होते. म्हणजे स्वतःच्या संमतीने नव्हे, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे त्यांच्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाच्या, अर्जावरून. त्यासाठी दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं आणि त्यातला एक मनोविकारतज्ज्ञच हवा. मुदत जास्तीत जास्त 30 दिवस. दर सात दिवसांनी निर्णयक्षमता, म्हणजे उपचारांबद्दल स्वतः ठरवता येतं का, हे पुन्हा पाहायचं. अशा दाखल्यांवर देखरेख करणाऱ्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला पुरुषाच्या बाबतीत सात दिवसांत आणि स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत कळवायचं. बहिणीने फाइल मागितली, तर दुसऱ्या तज्ज्ञाच्या सहीची जागा कोरी आणि तीस दिवस कधीच उलटलेले! तीस दिवसांनंतरही ठेवून घ्यायचं तर कलम 90 खाली दोन मनोविकारतज्ज्ञांचं मत आणि मंडळाची परवानगी लागते. तीही पहिल्यांदा 90 दिवसांपुरतीच. इथे त्यातलं काहीच नव्हतं. आपण अर्ज टाकला आणि गृहस्थ घरी आले. डॉक्टरांवर आमचा राग नाही, उपचार हवेतच. पण माणूस कुलपाआड ठेवायचा तर कागद चोख हवा, एवढंच म्हणणं.

6 ऑगस्ट 2001 ला तामिळनाडूतल्या एरवाडीत साखळदंडाने बांधलेले 28 मनोरुग्ण आगीत गेले. आता साखळीला कायद्याने बंदी आहे, पण कुलपं आहेतच. घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणाने कुणालाही रुग्णालयात ठेवता येत नाही, असं कलम 19 सांगतं. ठाण्याच्या मनोरुग्णालयात बऱ्या झालेल्या माणसांना भेटून आलेल्या कुणालाही विचारा, घर किती लांब असतं ते. स्मृतिभ्रंशाच्या आजी-आजोबांचं तर विचारूच नका. इंग्लंडमध्ये रुग्णालयात वा केअर होममध्ये अशा माणसाला अडकवून ठेवायचं, तर 2009 पासून वेगळी तपासणी आणि मंजुरी लागते. आपल्याकडच्या वृद्धाश्रमांच्या बंद दारांबाबत असं काही बोलायला गेलं, की आपल्यालाच घरफोडे ठरवतात.

कलम 27 खाली मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, हे मान्य. पण तिथवर पोचायलाच माणूस लागतो, आणि त्याच्या प्रवासाला, नकलांना, टंकलेखनाला पैसे लागतात. गेल्या वर्षीचं आवाहन ग्रुपवर टाकलं, तेव्हा अंगठे भरपूर आले, पावत्या मात्र मोजक्याच फाडल्या. ज्यांच्या घरची प्रकरणं आपण धावपळ करून सोडवली, त्यांच्यापैकीही काहींनी नंतर फोन उचलला नाही. असो. ज्याची त्याची अडचण असते.

यंदा 1,50,000 रुपये लागतील. त्यात अर्धवेळ मदतनीसाचं मानधन, प्रवास, झेरॉक्स आणि नव्या वकिलांचा प्रवासखर्च आला. वकील फी घेत नाहीत. रक्कम कितीही चालेल. धनादेश केंद्राच्या नावे काढावा. रोख दिल्यास पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. खात्याचा तपशील खोलीबाहेरच्या फलकावर आहे, फोटो काढून घ्यावा. वेळ शनिवारी 4 ते 7. पैसे जमत नसतील तर महिन्यातून एक दिवस द्या : ठाण्याला सोबत जायला आणि मराठी टायपिंगला माणसं कमी पडताहेत. निवृत्त बँकवाले असतील तर हिशेबाला हवेच आहेत. यायच्या आधी वहिनींकडे निरोप ठेवावा, जिन्यातला दिवा गेलाय.

आपला,
चिटणीस