एकच विषय धरा म्हणतोस, तर ऐक

सोलापूर,
गड्ड्याच्या जत्रेचे दिवस

प्रिय दोस्ता,

दिवाळीत फोनवर बोललास ते अजून डोक्यातून गेलेलं नाही. ‘तुमच्या कॉलेजात दहा माणसं दहा दिशांना संशोधन करतात, त्यातलं निम्मं झेरॉक्स. त्यापेक्षा एकच विषय धरा आणि त्यात नाव काढा.’ तेव्हा घरात पाहुणे होते म्हणून हसून सोडून दिलं. पण नंतर आमच्या बैठकीतही हीच टूम निघाली, आणि वर कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी संशोधनाच्या प्रकरणाची फाईल माझ्या गळ्यात पडली. आता प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन ‘वर्षभरात काय केलंत?’ असं विचारत हिंडतोय. मराठीचा माणूस मी, कधी रसायनाच्या लॅबमध्ये पाऊल टाकलं नव्हतं, ते आता सगळीकडं चहा पिऊन झालाय. आणि माझं मत पक्कं झालंय, की तू चुकतोयस बे. सगळा नाही, पण बराच.

झेरॉक्सचं आधी उरकून टाकतो, कारण तिथं तुझं म्हणणं खरं आहे. २०१० नंतर बढतीसाठी गुण मोजायला लागले आणि पैसे भरून आठवड्यात पेपर छापून देणारी नियतकालिकं बोकाळली. मग त्याला आळा म्हणून यूजीसीनं २०१९ मध्ये मान्य नियतकालिकांची केअर यादी आणली, २०२५ मध्ये ती बंदही केली. या सगळ्यात ‘अमुकतमुक : एक अभ्यास’ अशा नावाचे निबंध ढिगानं जमले. माझ्या फाईलमध्ये असे पुष्कळ आहेत. वाचवत नाहीत. पण ते पुण्यातल्या तुमच्या मोठ्या लॅबमध्येही आहेत, फक्त तिथं त्यांची इंग्रजी चांगली असते.

आता फिजिक्सच्या सरांचं ऐक. ते काचेच्या स्लाइडवर पातळ थर चढवतात, सौरघट आणि वायुसंवेदकांच्या कामासाठी. तुझ्यासारख्याला मी काय शिकवणार, पण मला बघताना जी मौज वाटली ती सांगतो. काच एका बीकरमध्ये बुडवायची, साध्या शुद्ध पाण्यात खळबळायची, मग दुसऱ्या बीकरमध्ये, परत पाण्यात. एका बीकरमधले धन आयन काचेला चिकटतात, दुसऱ्यातले ऋण आयन त्यांना येऊन भेटतात, आणि काचेवरच संयुग तयार होतं. अशा शेकडो बुडक्या. निर्वात पंप नको, कोटीचं यंत्र नको. दक्षिण महाराष्ट्रातल्या छोट्या कॉलेजांत ही पद्धत का रुजली हे मला तिथं उभं राहिल्यावर कळलं. बीकर, तापमापी आणि चिकाटी एवढ्यावर ती चालते. विद्यार्थी स्टॉपवॉच घेऊन हातानं बुडवायचे, हात कापला की थर वाकडा. शेवटी सरांनी पूर्व भागातल्या एका पॉवरलूम मिस्त्रीला लॅबमध्ये आणलं. त्यानं जुनी मोटर आणि लोखंडी पट्टी जोडून असा झोका करून दिलाय की काच ठरल्या वेळी आपोआप चारी भांड्यांतून फिरते. मिस्त्रीनं विचारलं, ‘एवढं करून कापड किती निघतं सर?’ निबंधात त्या झोक्याचं वर्णन आहे, मिस्त्रीचं नाव आभारात. सरांनी ते आग्रहानं घातलं.

इतिहासाच्या मॅडम शिलालेखांच्या मागे असतात. आपण कॉलेजात असताना हत्तरसंग-कुडलला सहलीला गेलो होतो, आठवतंय? भीमा-सीनेच्या संगमावर आपण नुसतेच पोहलो. तिथं संगमेश्वराच्या देवळात शके ९४०चा, म्हणजे इ. स. १०१८चा लेख आहे, ‘वाछि तो विजेया होईवा’. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या लेखांत त्याची गणना होते, आणि तो उजेडात आणला आपल्या सोलापूरच्या आनंद कुंभारांनी. ते कुठल्या कॉलेजात प्राध्यापक नव्हते. आपला संसार सांभाळून जिल्हाभर दगड वाचत हिंडणारा माणूस. मॅडम म्हणतात, ‘पगार न घेता त्यांनी केलं, आपण पगार घेऊन तरी करावं.’

त्यांच्यासोबत एकदा ठसा घ्यायला गेलो. दगड ब्रशनं धुवायचा, ओला कागद त्यावर पसरायचा आणि दुसऱ्या ब्रशनं ठोकत ठोकत अक्षरांच्या खाचांत बसवायचा. कागद वाळत आला की वरून शाईचा बोळा हलक्या हातानं थोपटायचा. सपाट भाग काळा होतो, खोल अक्षरं पांढरी राहतात. बोळ्यात शाई जास्त झाली की सगळा कागद वाया. अडचण पुढं येते. या जिल्ह्यातले कितीतरी लेख हळेकन्नडात, म्हणजे जुन्या कन्नडात आहेत, कारण चालुक्य, कलचुरी सगळे इथं राज्य करून गेले, आणि मॅडमना कन्नड बोलता येतं पण जुनं वाचता येत नाही. मोठ्या विद्यापीठात असत्या तर पुराभिलेखाच्या विभागाला पत्र लिहिलं असतं. इथं काय झालं, तर आमच्या ग्रंथालयातला अक्कलकोटकडचा एक सेवक निघाला, ज्याच्या वडिलांनी त्याच्याकडून लहानपणी शरणांची जुनी कन्नड वचनं पाठ करून घेतली होती. तो जुन्या अक्षरांचा तक्ता घेऊन बसला आणि दोघांनी मिळून आता निम्म्याहून जास्त ओळी लावल्यात. उरलेल्यांवर दुपारी भांडतात. ग्रंथालयात शांतता राखा अशी पाटी आहे, ती त्या दोघांच्या डोक्यावरच.

ग्रंथालयावरून आणखी एक. तुला माहीत आहे का, जगातल्या चांगल्या ग्रंथालयांत ‘शोलापूर’ असं छापलेली पुस्तकं आहेत? मला या वयात कळलं. इथल्या जैन संस्कृती संरक्षक संघाची जीवराज जैन ग्रंथमाला. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशींनी पैसा दिला, आणि संपादक कोण, तर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवणारे आ. ने. उपाध्ये आणि त्यांच्यासोबत हिरालाल जैन. १९४३ मध्ये ‘तिलोयपण्णत्ति’चा पहिला भाग निघाला. प्राकृतातला विश्वरचनेचा ग्रंथ, आणि प्रकाशनाचं गाव गिरण्यांच्या भोंग्यावर उठणारं! १९६३ मध्ये याच मालेत महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’ आला, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातला, नवव्या शतकातला. तो आमच्या कपाटात धूळ खात होता. गणिताच्या सरांनी तो घरी नेला आणि आता क वस्तूंतून ख वस्तू किती तऱ्हांनी निवडता येतात याचा त्यातला नियम ते एफवायच्या वर्गात त्या ग्रंथातूनच शिकवतात. त्यावर त्यांचा एक निबंधही आलाय.

हे गणिताचे सर म्हणजे वेगळंच प्रकरण. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर हे त्यांचं दैवत. कुणी पाहुणा आला की म्हणतात, चार आकडी संख्या सांगा. मी १९३० सांगितली, इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला ते साल. अंक उतरत्या क्रमानं ९३१०, चढत्या क्रमानं ०१३९, वजाबाकी ९१७१. परत तसंच करायचं, ९७११ वजा ११७९ म्हणजे ८५३२. परत, ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. सगळे अंक सारखे नसले की कुठलीही संख्या घे, फार तर सात पायऱ्यांत तिथंच येऊन थांबते. सर स्वतः अशाच अंकांच्या खेळांवर, पण दहाऐवजी दुसरा पाया धरलेल्या अंकपद्धतीत, काम करतात. त्यांचा वर्षाचा संशोधनखर्च म्हणजे कागद आणि पेनाच्या रिफिली. फाईलमध्ये ‘मिळालेला निधी’ या रकान्यात त्यांनी ‘निरंक’ लिहून खाली सही ठोकली.

वाणिज्यच्या मॅडम मात्र निधी मिळवतात आणि तो रिक्षाभाड्यात घालवतात. त्यांचं काम विडी वळणाऱ्या बायांच्या घरखर्चावर आहे. त्यांची स्वतःची आई विड्या वळायची, त्यामुळं ‘हजार विड्यांमागे इतकी मजुरी’ या आकड्यात काय काय लपतं ते त्यांना पाठ आहे. पानं कमी पडली तर बाईनं पदरची आणायची, वाईट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचं काहीच मिळत नाही. पहिल्यांदा त्यांनी मराठीत प्रश्नावली छापली. उत्तरं आली सगळी गोड गोड, सगळं बरं चाललंय. मग तीच त्या बायांच्या घरच्या तेलुगूत, कागद बाजूला ठेवून, सुपाशेजारी मांडी घालून विचारली, तर कर्ज, भिशी, नवऱ्याचं दारूचं, सगळं बाहेर पडलं. कुंभारीला २००६ मध्ये विडी कामगारांची दहा हजार घरं झाली त्या गोदूताई वसाहतीत त्या आता फिरतायत. स्वतःचं घर झालं, पण माल घ्यायला-द्यायला आणि पोरांच्या शाळेला जायचं अंतर वाढलं, त्याचा हिशोब लावतायत. फाईलमधलं मी खरोखर रात्री जागून वाचलेलं काम हे एकच.

प्राणिशास्त्राचे सर नान्नजच्या माळावर असतात. १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं, आणि आता एखादा माळढोक दिसला तरी पेपरात बातमी येते. मादी हंगामाला बहुधा एकच अंडं घालते, त्यामुळं एकदा संख्या घसरली की सावरणं अवघड. सर पक्ष्यावर नाही, त्याच्या ताटावर काम करतात. गवतात जाळी फिरवून नाकतोडे, टोळ पकडायचे, कुठल्या गवतात कुठले, पाऊस लांबला की किती कमी. साधन काय, तर कापडी जाळी आणि पायात गुडघ्यापर्यंतचे मोजे. ‘पक्षी येईल तेव्हा येईल, जेवण तयार असलं पाहिजे,’ असं म्हणतात.

माझं स्वतःचं विचारशील, तर राम जोश्यांच्या लावण्यांचे पाठभेद ताडून बघणं सावकाश चाललंय. त्यावर स्वतंत्र पत्र.

तर बैठकीत ठरत काय होतं, की सगळ्यांनी डाळिंब धरावं. सोलापूरचं डाळिंब, २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं, बाहेर नाव आहे, प्रस्ताव मंजूर होईल. ऐकायला बरं वाटतं. पण केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र उभं आहे, तिथं शास्त्रज्ञ आहेत, शेतं आहेत, यंत्रं आहेत. त्यांच्या शेजारी बसून आम्ही त्याच डाळिंबाची काय नवी साल काढणार? इतिहासाच्या मॅडमनी डाळिंबाचा शिलालेख शोधायचा का? आणि डाळिंबाचं जे काम आमच्या हातून होण्यासारखं आहे, ते सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडम कधीच्या करतायत. मोहोळ, सांगोल्याकडचे शेतकरी प्लास्टिकच्या पिशवीत डागाळलेलं पान घेऊन येतात, ‘हा तेल्याच का बघा मॅडम.’ तेल्या म्हणजे डाळिंबावरचा जिवाणूंचा रोग. डागाच्या कडेचा तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवला की जिवाणू असतील तर कापलेल्या कडेतून धुरासारखे बाहेर पडताना सूक्ष्मदर्शकात दिसतात. पाच मिनिटांचं काम. दिसले की मॅडम सांगतात, छाटणीची कात्री दर झाडाला निर्जंतुक करा, रोगट बागेतली कलमं आणू नका, पावसाळ्यात फळ धरण्यापेक्षा हस्त बहार, म्हणजे पाऊस सरतानाचा बहार धरा. बुरशी निघाली तर औषधच वेगळं, आणि शेतकऱ्याचा चुकीच्या फवारणीचा खर्च वाचतो. यावर निबंध होत नाही, म्हणून माझ्या फाईलमध्ये हे कुठंच बसत नाही. मी ‘विस्तारकार्य’ म्हणून घुसवलंय, बघू.

माझा तुझ्याशी खरा वाद इथं आहे. तुमच्याकडं एका मजल्यावर तीस जण एकाच विषयातले, जेवायलाही एकत्र. आमच्याकडं एका विषयाला एक-दोन माणसं. फिजिक्सच्या सरांना त्यांचं काम समजणारं कॉलेजात कुणीच नाही, म्हणून ते स्टाफरूममध्ये मला समजावतात, मला समजलं नाही तर परत सांगतात, आणि परत सांगताना कधी कधी त्यांचीच गाठ सुटते. वाणिज्यच्या मॅडमना नमुना कसा निवडावा हे गणिताच्या सरांनी डब्यातली भाकरी मोडत सांगितलं. एकच विषय धरला तर हे सगळे जण त्या विषयातले दुय्यम माणसं होतील. आज प्रत्येक जण आपापल्या विषयात या गावातला तरी पहिला आहे. आणि यातलं बरंचसं काम तासिका तत्त्वावरची पोरं करतात, ज्यांना सुट्टीचा पगार नाही. त्यांना तू ‘डाळिंब धरा’ म्हणून सांगून बघ.

तू म्हणशील, विखुरल्यानं खोली येत नाही. काही ठिकाणी नाहीच आलेली, ते कबूल. पण ती खोली एका विषयानं येईल असं मला वाटत नाही. तासांचा भार कमी केला आणि त्या पोरांना कायम केलं तर येईल. पुढच्या बैठकीत मी हेच बोलणार आहे, बघू कोण उभं राहतं बाजूनं.

आता कामाचं. फिजिक्सच्या सरांच्या काही काचांचं एक्सआरडी, म्हणजे थराची रचना बघायची एक्स-रे तपासणी, करून हवंय. नेहमीच्या ठिकाणी आमचा नंबर लागायला अवकाश आहे आणि त्यांच्या विद्यार्थ्याचा प्रबंध अडलाय. तुझ्या पाषाणच्या लॅबमध्ये जमेल का ते ताबडतोब कळव. जमणार असेल तर पुढच्या शनिवारी माझा भाचा हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला येतोय, त्याच्याजवळ डबी देतो. काचांवर नंबर कोपऱ्यात कोरलेत, थर असलेल्या बाजूला बोट लावू नकोस. फी जी काय असेल ती पावतीसकट सांग, सर स्वतः भरणार आहेत. शेंगाचटणीचा डबा वेगळा आहे, तो लॅबमध्ये उघडू नको, मागच्या वेळी तुझ्या सहकाऱ्यांनी संपवला म्हणून वहिनींनी मला फोन केला होता.

तुझा,
सोलापूरकर