वारसा-खटल्याचे पहिले काम हाती घेणाऱ्या मुलीस

म्हापसा, गोवा

चि. बाय हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. फोंड्यातील त्या कुटुंबाचे काम तुझ्याकडे आले, याचा आईला आणि मला आनंद झाला. वडील वारले, मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक विवाहित मुलगी आहे, राहते घर, कुळागर (नारळ-सुपारीची बाग) आणि चुलत्याच्या भागीदारीतले कापडाचे दुकान एवढी मालमत्ता आहे, आणि थोरला मुलगा म्हणतो, बाबांच्या इस्टेटीचे तीन वाटे करून द्या. अर्ज लिहायला घेण्याआधी त्याला एवढे नीट समजावून सांग की, ज्याला तो बाबांची इस्टेट म्हणतो तिच्यातला निम्मा भाग त्याच्या आईचा आहे आणि तो आधीपासूनच तिचा होता.

लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर थोडे अपवाद सोडून पती-पत्नीची सारी मालमत्ता, वाडवडिलांकडून आलेलीसुद्धा, दोघांच्या सामाईक मालकीची होते. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता 1870 पासून गोव्यात लागू झाली, मुक्तीनंतर 1962 च्या कायद्याने ती पुढे चालू राहिली, आणि वारशाविषयीची तरतूद आता 2012 च्या कायद्यात आली असून तो डिसेंबर 2016 पासून अमलात आहे. मुंबईचे नातेवाईक पक्षकाराला 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचे दाखले देतात; ते इथे लागू पडत नाहीत, हे त्याला पहिल्याच भेटीत सांगावे. वारलेल्या वडिलांचा मुंबईत एखादा फ्लॅट असेल, तर तोही विसरू नकोस, कारण गोव्यात अधिवास असलेल्या माणसाच्या गोव्याबाहेरील मालमत्तेलाही आपलाच वारसा कायदा लागू होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये दिला आहे.

आकडे घालून दाखवलेस तर त्याला लवकर उमगेल. सगळे मिळून 80 लाखांचे धरले, तर 40 लाख आईचे, आणि वाटणीला येतात ते उरलेले 40 लाख. त्यातलेही वडिलांना मृत्युपत्राने कोणालाही देता आले असते ते फक्त 20 लाख. बाकीचे 20 लाख मुलांसाठी राखीव, आणि तिथे मुलगा-मुलगी असा भेद नाही.

अशा बैठकीत मी वारंवार पाहिलेले एक दृश्य तुला सांगतो. मुलगा टेबलासमोर बसतो, आई दाराजवळच्या खुर्चीवर पदर सावरून बसते, आणि तिला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मुलगा देतो. तिला पुढे बोलाव, तिच्याशी एकटीशी बोल, आणि मुले असताना ती पतीची वारस म्हणून नव्हे, तर मालकीण म्हणून निम्म्याची धनी आहे, हे तिला तिच्या भाषेत सांग. तुझा पक्षकार तिचा मुलगा असेल, तर तिने स्वतःचा वेगळा वकील नेमावा, असेही स्पष्टपणे सांग. त्याने तुझे काम गेले तरी चालेल, पण त्या बाईची सही अजाणता घेतली जाऊ नये, ही माझी कळकळीची इच्छा आहे.

इन्व्हेंटरीत, म्हणजे वारसांची वाटणी करण्याच्या न्यायालयीन कामात, मालमत्तेची यादी देण्याची जबाबदारी बहुधा तिच्यावरच येईल. सुना आणि जावई यांचीही नावे घालावी लागतात, कारण सामाईक मालकीमुळे त्यांचाही हितसंबंध असतो. नाव राहिले की पुढे सारी वाटणी अडते. वडील देवस्थानचे खजिनदार होते म्हणतेस, तर कपाटातले देवाचे दागिने आणि रोकड यादीत येता कामा नये. ती देवस्थान समितीच्या स्वाधीन करून पोच घ्यावी.

लिसिटेशनविषयी मात्र सविस्तर बोल. घर कोणी घ्यायचे यावर एकमत झाले नाही, तर हितसंबंधी आपसांत बोली लावतात, ज्याची बोली चढी त्याला घर मिळते, आणि आपल्या हिश्शापेक्षा जे जास्त पदरात पडले त्याचे पैसे त्याने बाकीच्यांना द्यायचे असतात. भावाभावांची ईर्ष्या पेटली की बोली घराच्या किमतीपलीकडे जाते, आणि घर जिंकणारा कर्जात बुडतो. "तू किती रुपयांवर थांबणार?" हे पक्षकाराकडून आधीच कागदावर लिहून घे. पैसे नसलेल्या बहिणीला लिसिटेशन फार कठोर असते; म्हणून तडजोडीची बोलणी त्याआधी मनापासून करून पाहा.

दुकान याहून निराळे आहे. भागीदार दोघेच होते, त्यामुळे वडिलांच्या मृत्यूबरोबर ती फर्म संपली, आणि वारसांना हिशेब मागण्याचा हक्क आला. चुलते हिशेब न मिटवता तोच धंदा चालवत असतील, तर वेगळे काही ठरलेले नसल्यास भागीदारी कायद्याच्या 37 व्या कलमाप्रमाणे वडिलांच्या हिश्शावरचा नफा किंवा द.सा.द.शे. 6 व्याज, यांपैकी एक निवडता येते. मालाची मोजदाद, येणी-देणी आणि बँकेचे उतारे मृत्यूच्या तारखेचे हवेत. हिशेबाच्या दाव्याची मुदत फर्म संपल्यापासून तीन वर्षांची आहे, आणि इन्व्हेंटरी चालू आहे म्हणून ती थांबत नाही. वडिलांना जाऊन दोन वर्षे उलटली असे तू लिहितेस. तेव्हा मृत्यूचा दाखला आणि भागीदारीचा करार सोमवारीच मागवून घे, आणि चुलत्यांना नोटीस याच आठवड्यात जाऊ दे.

तुझे,
बाबा