विरंगुळा नको, वाद घालायला एक टेबल द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात गेले काही दिवस ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रावर पत्रं येतायत, कोण म्हणतं कॅरम ठेवा, कोण म्हणतं मोठा टीव्ही ठेवा, एकांनी तर मसाजची खुर्ची मागितलीय. मी पण ६८ चा आहे, रेल्वेच्या अकाउंट्समधून रिटायर होऊन आठ वर्षं झाली, जुळे सोलापुरात राहतो, तेव्हा माझंही एक मत घ्या. मला विरंगुळा नकोय हो. टाईमपास करायला घरी मोबाईल आहे आणि सकाळचे सत्तावीस गुड मॉर्निंग आहेत. मला डोकं चालवायला जागा पाहिजे, आणि ती कशी असावी हे मी एका माणसाकडून शिकलो ते सांगतो, जरा लांबण लागेल, छापताना कापलंत तरी चालेल.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक बेने इस्रायल गृहस्थ होते. म्हणजे आपले मराठी ज्यू, मूळचे अलिबागकडचे, आडनावाच्या शेवटी कर, घरात मराठी, भांडण पण मराठीत. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही, आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. पुण्याहून बदली होऊन सोलापूरला आले आणि दोन वर्षांत असे मुरले की मला "काय मालक" म्हणून हाक मारायला लागले. शुक्रवारी अर्धा दिवस रजा टाकून पुण्याला जायचे, कारण सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ सुरू, मग प्रवास नाही, काम नाही, पैशाला हात नाही. कोकणात यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे, हे मला त्यांनीच सांगितलं. तेव्हा मला वाटायचं चला, आपली एकादशी तसा यांचा शनिवार. तेवढ्यावरच माझं ज्ञान थांबलेलं.

मागच्या वर्षी पुण्याला मुलाकडे गेलो तेव्हा अण्णांकडे चक्कर टाकली. रात्रीचे नऊ. दार उघडं, आणि आतून अण्णांचा आवाज, "अरे पण असं कसं म्हणतो तो? आधी एक बोलला, आता उलटं!" मी दारातच थबकलो, म्हटलं भाऊबंदकी दिसतेय, नंतर येऊ. तर वहिनी म्हणाल्या, "या हो, भांडण नाही, अभ्यास चाललाय." फोनवर पलीकडे त्यांचा मावसभाऊ, इस्रायलमध्ये अश्दोदला असतो, तिकडे तेव्हा संध्याकाळ. दोघांपुढे तालमुदचं, म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांवरच्या जुन्या चर्चांच्या ग्रंथाचं, एकच पान उघडलेलं, मूळ मजकूर आणि इंग्रजी भाषांतर फोनवर फुकट मिळतं, आणि त्यावर वाद मराठीतून. अण्णा ७३ चे. एवढ्या वयाचा माणूस एका बैलाने दुसऱ्याचा बैल मारला तर भरपाई किती यावर पाऊण तास घसा ताणतो, आणि हा बैल दीड हजार वर्षांपूर्वीच्या पुस्तकातला! फोन ठेवल्यावर चेहरा असा की आंघोळ करून आलेत.

मग चहावर सगळं खोदून विचारलं. याला म्हणतात दाफ योमी, म्हणजे रोजचं एक पान, दोन्ही बाजू. १९२३ साली मेइर शापिरो नावाच्या रब्बींनी (म्हणजे ज्यूंचे धर्मगुरू) व्हिएन्नाच्या एका परिषदेत ही कल्पना मांडली की जगातल्या सगळ्या ज्यूंनी एका दिवशी एकच पान वाचायचं, मग माणूस बोटीत असो की बाजारात, अनोळखी ज्यू भेटला तरी आजच्या पानावर बोलता येईल. एकूण २७११ पानं, म्हणजे साडेसात वर्षांच्या आसपास एक फेरी. सध्याची चौदावी, ५ जानेवारी २०२० ला सुरू झाली, २०२७ च्या जूनमध्ये संपेल. आणि संपली की दुसऱ्याच दिवशी परत पहिल्यापासून. गंमत म्हणजे त्यातल्या कुठल्याच ग्रंथाला पान एक नाही, सुरुवातच पान दोनपासून. छपाईत पहिलं पान ग्रंथाचं नाव छापण्यात जातं हे कारण आहे, पण अण्णांचा अर्थ वेगळा, म्हणे कितीही शिकलास तरी पहिलं पान अजून राहिलंय हे लक्षात ठेव.

तोरा म्हणजे त्यांचा मूळ धर्मग्रंथ, त्याचं पण तसंच. ५४ भाग केलेत, दर शनिवारी ठरलेला भाग वाचायचा (काही आठवड्यांना दोन), वर्षभरात पूर्ण, आणि सिमखा तोरा नावाच्या सणाला शेवटचा भाग संपवून त्याच दिवशी उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाची सुरुवात वाचतात. मध्ये सुट्टी नाही. मायमोनिडीस म्हणून बाराव्या शतकातले त्यांचे मोठे पंडित, पेशाने वैद्य, त्यांनी लिहून ठेवलंय की गरीब असो श्रीमंत असो, तरुण असो म्हातारा असो, शिकायची सक्ती प्रत्येकाला, आणि ती कधीपर्यंत तर मरणाच्या दिवसापर्यंत. म्हणजे रिटायरमेंट नाही! अकाउंट्सच्या माणसाला हे ऐकून जरा धक्काच बसला, आमच्याकडे सगळंच ५८ नाहीतर ६० ला क्लोज होतं.

मी म्हटलं, "अण्णा, पण या वयात नव्याने काय डोक्यात शिरणार?" त्यांनी रब्बी अकिवाची गोष्ट सांगितली. चाळीस वर्षांचा होईपर्यंत अक्षर ओळख नाही. एकदा बघितलं की ठिबकणाऱ्या पाण्याने दगडाला खळगा पडलाय, म्हटलं पाण्याने दगड झिजतो तर माझं डोकं काय दगडाहून कठीण आहे का, आणि गेला मुलाला घेऊन बालवर्गात, बापलेक एकाच पाटीवर. तोच पुढे सगळ्यात मोठा गुरू. आणि हिल्लेल म्हणून आणखी एक होते त्यांचं म्हणणं, सवड मिळाली की शिकेन असं म्हणू नको, कदाचित सवड मिळणारच नाही. त्यांचंच आणखी एक मला फार आवडलं, लाजणाऱ्याला शिकता येत नाही आणि चिडक्याला शिकवता येत नाही.

आता मुख्य मुद्दा, जोडीचा. हे लोक एकटे शिकत नाहीत. दोघं दोघं बसतात, त्याला हव्रुता म्हणतात, एक वाचतो, दुसरा अडवतो. मोठ्याने. त्यांच्या अभ्यासाच्या खोलीत गेलं तर मंडईत आल्यासारखं वाटतं म्हणे. तालमुदमध्येच रब्बी योहानानची गोष्ट आहे. त्याचा जोडीदार रेश लाकिश वारला, लोकांनी त्याच्या जागी दुसरा हुशार पंडित पाठवला, तो बिचारा प्रत्येक वाक्याला म्हणायचा, बरोबर आहे तुमचं, आणि वर पुरावा द्यायचा. योहानान वैतागला. म्हणाला माझा लाकिश मी काही बोललो की चोवीस हरकती काढायचा, मी चोवीस उत्तरं द्यायचो, त्यातून गोष्ट उलगडायची, तू नुसता हो म्हणतोस, मी बरोबर बोललो हे मला माहीत नाही का? आणि रडत फिरला लाकिश लाकिश करत.

मला हे ऐकून आमचं पारायण आठवलं. रागावू नका कोणी, मी स्वतः सतरा वर्षं बसलोय ज्ञानेश्वरीच्या सप्ताहाला, पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, ते वातावरण, ती सकाळ, ते टाळ, त्याला तोड नाही. पण खरं सांगा, सात दिवसांत नऊ हजारांवर ओव्या उरकायच्या म्हटल्यावर कोण कुणाला विचारणार की ही ओवी अशी का? विचारलं तर शेजारचा बोट दाखवतो, पान हरवेल, पुढे चला. आम्ही सगळे रब्बी योहानानचे ते दुसरे जोडीदार, मान डोलावणारे. कीर्तनात बुवा सांगतात आणि आपण ऐकतो, चांगलंच आहे ते, पण त्यात आपल्या डोक्याला काम किती?

आणि कीर्तनावरून आठवलं, बेने इस्रायलांनी मराठीत कीर्तनं केलीत हे किती जणांना माहितीय? १८८० च्या पुढे, अब्राहाम, मोशे, योसेफ यांच्या कथा, आपल्यासारखीच आख्यानं लावून. त्याचं कारण अण्णांनी सांगितलं ते मला सगळ्यात जास्त लागलं. कोकणात शेकडो वर्षं एकटं पडल्यावर यांच्याकडे शनिवार राहिला, सुंता राहिली, खाण्यापिण्याचे नियम राहिले, एक शमा नावाची प्रार्थना राहिली, बाकी ग्रंथ गेले, हिब्रू गेली. मग अठराव्या एकोणिसाव्या शतकात अख्खी जमातच मोठेपणी शाळेत बसली. कोचीनहून ज्यू शिक्षक आले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन, ज्यांच्या नावाने मुंबईत कॉलेज आहे, त्यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं. मिशनऱ्यांचा हेतू वेगळा होता, त्यांना हे लोक ख्रिश्चन व्हायला हवे होते, यांनी व्याकरण घेतलं, मराठी बायबलमधला आपला भाग, म्हणजे जुना करार, वाचून घेतला आणि राहिले ज्यूच. १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात हग्गादा, म्हणजे वल्हांडण या त्यांच्या सणाच्या रात्री वाचायची पोथी, मराठी भाषांतरासकट छापली गेली. घाण्यावरून उठलेला माणूस अक्षर अक्षर जुळवत आपलाच धर्म वाचायला शिकतोय, हे चित्र माझ्या डोळ्यापुढून जात नाही.

जर्मनीत पण असं झालंय, फ्रान्झ रोझेनत्स्वाइग म्हणून एक तत्त्वज्ञ, १९१३ मध्ये ख्रिश्चन व्हायच्या बेतात होता, थांबला, आणि १९२० मध्ये फ्रँकफुर्टला मोठ्या माणसांसाठी शाळा काढली. डॉक्टर, वकील, व्यापारी, ज्यांना धर्मातलं फारसं काही येत नाही असे. त्याचं म्हणणं, येत नाही हीच पात्रता, आणि शिकवणारापण शिकणाराच पाहिजे.

शेवटची गोष्ट माझ्या धंद्यातली म्हणून जरा रेंगाळतो. मी विचारलं, अण्णा, एवढं वाचून स्वभावात काही फरक पडतो का, का नुसतीच बैलांची भरपाई? ते हसले आणि एक वही काढली. रकाने आखलेली. मी म्हटलं हे तर आपलं लेजर! त्याला हेश्बोन हनेफेश म्हणतात, आत्म्याचा हिशोब. मेनाहेम मेंडेल लेफिन यांनी १८०८ मध्ये या नावाचं पुस्तक काढलं, कल्पना अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनची, हे विशेष. तेरा गुण घ्यायचे, धीर, नीटनेटकेपणा, नम्रता, काटकसर, मौन, सत्य असे, एका आठवड्याला एकच, रोज रात्री चूक झाली तिथे खूण. तेरा आठवडे झाले की परत पहिला. तेरा चोक बावन्न, वर्षात प्रत्येकाची पाळी चार वेळा. ताळेबंद बरोबर जुळतो. अण्णांच्या वहीत मौनाच्या रकान्यात खुणाच खुणा, वहिनी म्हणाल्या मी दाखवू का खऱ्या किती ते.

घरी आल्यावर मी पण वही केली. माझा पहिला आठवडा धीराचा. सोमवारी रिक्षावाला, मंगळवारी गॅसवाला, बुधवारी पाण्याचा टँकर, गुरुवारी बायको म्हणाली वही लपवून ठेवताय म्हणजे सत्याच्या रकान्यातपण खूण करा. सप्टेंबरपासून आता तिसरी फेरी चालू आहे, खुणा किती कमी झाल्या ते सांगत नाही, ऑडिट बाकी आहे.

आणि जोडीदार पण शोधला. आमच्या कॉलनीतले रिटायर मास्तर, तेलुगू घरातले, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. ज्ञानेश्वरीच घेतली, दिवाळीपासून रोज संध्याकाळी, अट एकच, ओवी कळल्याशिवाय पुढे जायचं नाही. चार ओव्यांवर आठ दिवस गेले आहेत! मास्तर म्हणतात हा शब्द असा, मी म्हणतो तसा, शब्दकोश उघडतो, दोघंही चुकतो. सतरा वर्षांच्या सप्ताहात मला जे कळलं नाही ते या भांडणात कळतंय, आणि हे मी पारायणाला कमी लेखून म्हणत नाही, पारायणाने कान तयार केला म्हणून आज तोंड चालतंय.

अडचण जागेची. माझ्या घरी नातवाचा ऑनलाइन क्लास, मास्तरांकडे सुनेची शिलाई मशीन. एका वाचनालयात गेलो, तिसऱ्या दिवशी तिथल्या बाईंनी "शांतता राखा" च्या पाटीकडे बोट दाखवलं, त्यांचं बरोबरच आहे. बागेत बसलो तर डास, आणि मार्च उजाडला की सोलापूरचं ऊन कुणाला सांगायला नको.

म्हणून विनंती अशी, जी नवीन केंद्रं होणार आहेत तिथे पाच ते सात एक खोली द्या, चार टेबलं, आठ खुर्च्या, एक पंखा, एक शब्दकोश. कुणी काहीही वाचू दे, ज्ञानेश्वरी, कुराण, बायबल, बसवण्णांची वचनं, राज्यघटना, पण दोघांनी मिळून आणि विचारत विचारत. व्याख्यान नको, प्रमुख पाहुणे नकोत, शाल श्रीफळ तर अजिबात नको. बायकांसाठी टेबल धरूनच चार म्हणतोय, कारण हे पत्र वाचून दाखवल्यावर घरातून पहिला प्रश्न तोच आला. जानेवारी २०२० मध्ये जेरुसलेमला तालमुदची फेरी पूर्ण केल्याचा बायकांचा मोठा सोहळा झाला, हजारोंनी जमल्या होत्या, आणि हे शिक्षण कित्येक शतकं पुरुषांनी आपल्याकडेच ठेवलेलं होतं. ते मी सांगितलं तर बायको म्हणाली मग आम्ही काय पोळ्याच लाटायच्या का.

लाईट बिल आम्ही वर्गणी काढून भरू. आणि कॅरम ठेवायचाच असेल तर ठेवा, आमची हरकत नाही, फक्त दुसऱ्या खोलीत ठेवा, मास्तरांचा आवाज चढला की त्यांचा नेम चुकेल.

आपला,
एक जुना वाचक
जुळे सोलापूर