'अ' आणि 'द'ची गोष्ट

दार एस सलाम,
रविवार

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. इथली मुलं इंग्रजी लिहिताना नामाआधीचे 'अ' आणि 'द' (a, the) हे आर्टिकल गाळतात तो आळशीपणाच, असं तू लिहिलंस. मला ते अजिबात पटलं नाही.

टांझानियात सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत चालते. माध्यमिकला गेलं की एकदम सगळं इंग्रजीतून. स्वाहिलीत आर्टिकल नाही, आपल्या मराठीसारखंच. पण 'कुठलं तरी' आणि 'ते ठरावीक' हा फरक ती भाषा करते, आणि पुष्कळदा क्रियापदात करते. 'निमेसोमा किताबु' म्हणजे मी पुस्तक वाचलंय. 'निमेकिसोमा किताबु' म्हटलं, की आपल्याला दोघांनाही ठाऊक असलेलं पुस्तक वाचलंय. मधे शिरलेल्या त्या 'कि'नं काम भागतं. माणसांच्या बाबतीत मात्र असा प्रत्यय बहुतेक लावावाच लागतो, माणूस ओळखीचा असो की नसो. मग तिथे ही खूण निरुपयोगी. दुसरी खूण म्हणजे दर्शक शब्द: 'यूले म्तोतो', नामाच्या आधी आला की 'ते मूल', ज्याच्याबद्दल आधी बोलणं झालंय ते.

आता मुलांच्या इंग्रजीच्या वहीत काय होतं बघ. ससा आणि तरसाची गोष्ट घे. सुरुवातीला दोघंही आर्टिकलशिवाय उघडेच. पुढे 'द' सापडला की तो सगळीकडे: 'वन डे द हेअर मेट द हायना', आणि तरस तर गोष्टीत पहिल्यांदाच आलंय! लिहिणाऱ्या मुलीच्या डोळ्यासमोर ते अमुक एक तरस आहे, म्हणून तिनं 'द' लावला. ऐकणाऱ्याला ते माहीत आहे का, हा प्रश्न तिच्या मनात आलाच नाही. आयोनिन, को आणि वेक्सलर या भाषाअभ्यासकांनी 2004 साली रशियन आणि कोरियन भाषकांच्या इंग्रजीत हेच टिपलं होतं. त्या भाषांतही आर्टिकल नाहीत. याला आळस म्हणायचं? ती मुलगी नियम शोधतेय रे, फक्त बोलणाऱ्याच्या बाजूनं.

म्हणून मी हल्ली नियम फळ्यावर लिहीत नाही. आधी स्वाहिलीत गोष्ट सांगायला लावतो, 'यूले' कुठे आला ते त्यांनाच शोधायला सांगतो आणि मग इंग्रजीकडे वळतो. 'द' चटकन बसतो. 'अ' फार चिवट, कारण पहिल्या उल्लेखाला स्वाहिलीत बहुधा काहीच लागत नाही. आपल्याकडे निदान 'एक होता राजा' तरी आहे.

तुझ्या वर्गातल्या मुलांनी इंग्रजीत लिहिलेल्या गोष्टींचे फोटो पाठव. न तपासलेल्या हव्यात, लाल शाई नको. आपल्या मुलांचा 'अ' त्या 'एक'मुळे लवकर बसतो का, ते मला बघायचंय.

तुझा,
विनय