किडनी कुणाची, कुणाला? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री, मध्य प्रदेश शासन यांस,
स. न. वि. वि.

मी इंदूरच्या रामबागेतला, सत्तरीला टेकलेला निवृत्त शिक्षक. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो. शेजारच्या खाटेवर देवासचा एक कॉलेजात जाणारा मुलगा असतो. दोघांच्याही हातात फिस्टुला (डायलिसिसच्या सुईसाठी ऑपरेशननं जोडलेली शीर), दोघांनाही पाणी मोजून. घरचा दाता दोघांनाही नाही, म्हणून ब्रेन डेड दात्याच्या किडनीसाठी दोघांचीही नावं यादीत आहेत. किडनी आलीच, तर आम्हा दोघांचा हिशेब एकाच मापानं मांडू नये, एवढीच माझी विनंती.

फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्रानं या यादीत नाव घालण्यासाठीची पासष्टीची वयोमर्यादा काढली, म्हणून माझं नाव लागलं. त्याबद्दल आभार. पण आता म्हातारे आणि पोरं एकाच रांगेत आहेत, तेव्हा कुणाला काय द्यायचं याचा विचार व्हायला हवा.

टिश्यू मॅचिंगमध्ये, म्हणजे दाता आणि रुग्ण यांची जुळणी पाहताना, मुख्यतः एचएलएच्या (पेशींवरच्या, आईबापांकडून आलेल्या ओळखखुणांच्या) ए, बी आणि डीआर या जोड्या पाहतात, म्हणजे एकूण सहा खुणा. सख्ख्या भावंडांत सगळ्या जुळण्याची शक्यता चारात एक. 1954 साली बोस्टनला पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं ते एकसारख्या जुळ्या भावांत, तिथे जुळणीचा प्रश्नच नव्हता. आता औषधं इतकी सुधारली आहेत की नात्यानं परकी असलेली बायकोची किडनीही नवऱ्याला छान चालते. (उलट दिशेनं किडनी जाताना मी फारशी पाहिली नाही, पण तो विषय वेगळा.)

मग जुळणी पाहायची कुणासाठी? त्या मुलासाठी. बसवलेली किडनी सहसा जन्मभर पुरत नाही, त्याला पुढे दुसरी लागणारच. पहिली फारशी न जुळणारी असली, तर शरीर तिच्याविरुद्ध अँटीबॉडीज तयार करतं आणि दुसऱ्या वेळी कितीतरी दाते क्रॉसमॅचलाच, म्हणजे दाता आणि रुग्णाचं रक्त ताडून पाहण्याच्या चाचणीतच, बाद होतात. शिवाय तरुण शरीर परकी किडनी जास्त जोरानं नाकारतं. माझं उलट आहे. वयानं प्रतिकारशक्ती मंदावते, त्यामुळे मला भीती रिजेक्शनपेक्षा संसर्गाची आणि हृदयाची. माझ्या वयाचे बरेच रुग्ण किडनी चालू असतानाच जातात. मला पन्नास वर्षं टिकणारी किडनी काय करायची? मला ती लवकर हवी.

युरोपातल्या काही देशांत मिळून अवयववाटप करणाऱ्या युरोट्रान्सप्लांट या संस्थेनं 1999 पासून नेमकं हेच केलं. पासष्टीपुढच्या दात्याची किडनी पासष्टीपुढच्याच रुग्णाला, एचएलए न पाहता, जवळच्याच केंद्रात. वयस्क किडनीला काढल्यापासून बसवेपर्यंतचा बर्फातला वेळ सोसत नाही, म्हणून जवळच. रिजेक्शन थोडं वाढलं हे खरं, पण वाट पाहणं कमी झालं. माझ्या मते आमच्या वयात हा सौदा फायद्याचा आहे.

अवयव नेणाऱ्या गाडीसाठीचा ग्रीन कॉरिडॉर इंदूरला नवा नाही, रस्ता मोकळा करणं आम्हाला जमतं. आता वाटपाच्या नियमात दोन ओळी घालाव्यात. वयस्क दात्याची किडनी आधी त्याच शहरातल्या वयस्क रुग्णाला विचारावी, आणि तरुण दात्याची देताना तरुण रुग्णांत निदान डीआरची जुळणी पाहावी. अवयवदान समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. वयस्क दात्याची किडनी चालेल, असं मी आजच लिहून द्यायला तयार आहे. नोंदणीच्या फॉर्मवर तसा रकाना मात्र मला दिसला नाही.

आपला,
एक डायलिसिस रुग्ण, इंदूर