साठ ओहम शिकवणाऱ्या मिस्त्रींना

आदरणीय मिस्त्री,

स. न. वि. वि.

जुन्या पोकलेनवर पोट असलेल्या आम्हा मालक-ऑपरेटरांच्या वतीने हे पत्र. कंट्रोलरच्या, म्हणजे मशीन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या, बिघाडांबद्दल तुम्ही कागदावर लिहून जे वाटलंत, ते सहसा कुणी हातचं सोडत नाही. त्याबद्दल तुमचे जाहीर आभार. काय दिलंत तेही इथे लिहितो, म्हणजे उद्या जुनं मशीन घेणाऱ्याच्याही ते कामी येईल.

मॉनिटरवर कम्युनिकेशन एरर आला, आरपीएम दिसेनासा झाला, मशीनचा जोर उतरला, की सल्ला ठरलेला असतो: ईसीएम (इंजिनचा कंट्रोलर) गेला, बदलून टाका. मग दुसऱ्या मशीनमधून काढलेला ईसीएम येतो, त्याचा पार्ट नंबर आणि सॉफ्टवेअर जुळत नाही, आणि मूळ बिघाड तसाच ठेवून वर मॉनिटरवर बिघाडाचा नवा कोड चढतो. तुम्ही मात्र आधी मीटर लावायला सांगितलंत.

इंजिनचा ईसीएम, पंप कंट्रोलर आणि मॉनिटर यांचं बोलणं पिळा घातलेल्या दोन वायरींवरून चालतं. या लाइनला कॅन म्हणतात, आणि वायरी दोन: कॅन-हाय आणि कॅन-लो. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. दोन्ही समांतर, म्हणून वायरींमध्ये मोजलं तर ६० यायला हवेत. किल्ली बंद करा, ईसीएमला पूर्ण बंद व्हायला काही मिनिटं द्या, मग मेन स्विच बंद करा आणि डायग्नोस्टिक (तपासणीच्या) सॉकेटवर मोजा. चालू लाइनवर ओहम मोजले तर आकडा खोटा येतो. ६०च्या आसपास आले तर वायरी टोकापर्यंत सलग आहेत. १२० आले तर एक रेझिस्टर तरी लाइनवर नाही किंवा मधे वायर तुटली आहे. ४० म्हणजे कुणीतरी तिसरा रेझिस्टर घुसवलाय. शून्याजवळ आले तर दोन वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत. काही मशीनमध्ये रेझिस्टर ईसीएमच्या किंवा मॉनिटरच्या आतच असतो, त्यामुळे तो प्लग काढल्यावर १२० दिसले तर घाबरायचं नाही, ही तुमची सूचना तर सोन्याची. एरवी चांगल्या वायरिंगची पट्टी त्यापायी उगाच सोलली जाते.

सॉकेटच्या पिनांचंही तुम्ही बजावून सांगितलंत. जे१९३९ या अवजड मशीनच्या कॅन मानकाच्या नऊ पिनांच्या सॉकेटमध्ये सी पिन हाय आणि डी लो, पण कॅटरपिलरच्या सॉकेटमध्ये जी हाय आणि एफ लो. म्हणून आधी त्या मॉडेलचं वायरिंग ड्रॉइंग, मग प्रोब.

ओहम बरोबर आले की किल्ली ऑन करून व्होल्ट बघायचे. बॉडीच्या हिशोबाने हाय अडीचच्या थोडी वर, लो अडीचच्या थोडी खाली, आणि दोघांची बेरीज ५च्या जवळ. दोन्ही नेमके अडीचवर स्थिर असतील तर लाइनवर कुणी बोलतच नाही. हाय शून्यावर बसली असेल तर ती बॉडीला लागली आहे. ५च्या बऱ्याच वर गेली असेल तर सप्लायची वायर चिकटली आहे, आणि तिथे कंट्रोलरही जळालेला असू शकतो.

सगळ्यात मोलाचं वाक्य तुमचं हे: बोंब मारणारा दोषी नसतो, ज्याच्या नावाने बोंब आहे तो गप्प झालेला असतो. पंप कंट्रोलर आणि मॉनिटर दोघेही इंजिनच्या ईसीएमकडून निरोप येत नाही म्हणत असतील, तर त्या दोघांना हात लावायचा नाही. ईसीएमचा प्लग काढायचा आणि कॅन वायरींच्याही आधी त्याचा सप्लाय, अर्थ आणि किल्लीचा सिग्नल बघायचा. तोही नुसत्या मीटरने नाही. वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी मीटर २४ व्होल्ट दाखवतो. तिथे २४ व्होल्टचा २१ वॅटचा बल्ब सप्लाय आणि अर्थ यांच्यात लावला की खरं काय ते कळतं: चांगल्या वायरीवर लख्ख पेटतो, कुजलेल्या वायरीवर आतली तार नुसती लालसर होते. बल्ब फक्त सप्लायच्या वायरींवर, कॅनवर कधीच नाही. आणि जाड प्रोब पिनेत खुपसायचा नाही. पिन फाकली की आजचा बिघाड जातो आणि उद्याचा, अधूनमधून येणारा, सुरू होतो.

अधूनमधून येणारा बिघाड शोधायला मीटर लावून ठेवायचा आणि दुसऱ्याने हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हलवायचा. तुमची यादी हातात असली की जागा सापडतात: केबिनच्या तळाशी जिथे हार्नेस पत्र्याच्या भोकातून जातो तिथली झिजलेली रबरी गुळी, पंपाच्या कप्प्यात तेलाने फुगलेली पट्टी, सीटमागे उंदरांनी कुरतडलेला भाग, प्रेशर वॉशरचं पाणी शिरलेले प्लग. प्लग उघडल्यावर पिनेच्या मुळाशी हिरवी पूड दिसली की वायरही थोडी सोलून बघायची, कारण तांबं आतपर्यंत काळं पडलेलं असतं. आणि बाहेरून बसवलेला जीपीएस! कॅन वायरींना टाचणीसारखा टोचून टेपने गुंडाळलेला तो जोड आधी काढून बघायचा.

जोड देताना दोन वायरींचे जोड एकाच जागी नकोत, थोडे पुढे-मागे. चांगलं क्रिम्प (दाबून बसवलेला जोड), वर गोंदवाली हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी नळी), आणि पिळा परत घालायचा. पिळा सुटलेला भाग ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त राहू द्यायचा नाही, नाहीतर आजूबाजूच्या वायरींचा गोंगाट लाइनमध्ये शिरतो. शिल्ड (वायरींवरचं धातूचं आवरण) असेल तर तिला अर्थ एकाच जागी.

मशीन विकत घेताना बघायची एक गोष्ट तुमच्याचमुळे अनेकांचे पैसे वाचवते. कोमात्सुच्या पीसी२००-८ सारख्या मशीनला पंपाचा इमर्जन्सी स्विच असतो. कंट्रोलर बिघडला तरी काम उरकता यावं म्हणून तो दिलेला आहे. विकणारा तोच चालू ठेवून मशीन दाखवतो आणि बकेट झकास उचलली जाते. म्हणून सौद्याआधी स्विच नॉर्मलवर, मशीन थंड असताना स्टार्ट, मग जुन्या कोडची यादी उघडायची. यादी कोरी करकरीत असेल तर ती नुकतीच पुसली का, हे विचारायचं आणि तासभर काम करून परत बघायचं.

एक विनंती. पुढचा कागद काढाल तेव्हा वेल्डिंगची सूचना सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत घ्या: बूम किंवा बकेटला वेल्डिंग करण्याआधी मेन स्विच बंद, बॅटरीची वायर सुटी, कंट्रोलरचे प्लग काढलेले, आणि अर्थचा क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ. साइटवर वेल्डर बाहेरून येतो, त्याला हे कुणी सांगत नाही. तो कागद आम्ही केबिनच्या दारावर आतून चिकटवू.

कळावे, लोभ असावा.

आपले,
जुन्या पोकलेनचे मालक, ऑपरेटर आणि हेल्पर